दोन जावा आणि एकच पीळ

हे कुणाला पटणार नाही. पटू नये अशीच गोष्ट आहे. पण त्या रस्त्यावरची विजेवर चालणारी झाडून सगळी घड्याळं पुढे पळू लागली होती. ती कशामुळे पळतात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो खाटेवर पडून होता. त्याच्या कानावर यातलं काही जाऊ नये म्हणून सगळं घर जिवाचं रान करत होतं. घड्याळांचं खोटं मानलं तरी चालेल. खाटेचं मात्र खरं आहे.

रस्ता कारखान्यांचा. एका बाजूला लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला पंप जुळवणारे, आणि टोकाला पत्र्यांवर जस्ताचा मुलामा चढवणारा कारखाना. त्याच्या भिंतीला टेकून रिवाइंडिंगचं दुकान होतं. आत वॉर्निशचा वास, तांब्याच्या पट्ट्यांची भेंडोळी, कॉइल भाजायची भट्टी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर बसून जळलेल्या मोटरी भरणारा दुकानाचा मालक. त्याला सगळे गुंडाळ्या म्हणत. तो तार जितकी गुंडाळी त्याच्या दुप्पट माणसं गुंडाळी. एकदा म्हणे त्याने कॉइल इतकी घट्ट भरली की आत सापडलेला डास अजून बाहेर पडलेला नाही, आणि त्याच्याच गुणगुणण्याला लोक ट्रान्सफॉर्मरचा आवाज समजतात. एकदा भरलेली मोटर पुन्हा जळाली तर मिशी उतरवीन, अशी त्याची पैज असे. मिशी त्याला मुळात नव्हतीच.

त्याचा थोरला भाऊ शेजारच्या मुलाम्याच्या कारखान्यात मुख्य वायरमन. त्याला मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे दादाच म्हणत. दादा फार मोजकं बोलायचा. त्याच्या वाटणीचं धाकट्याने जन्मतःच बोलून घेतलं असावं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण एक सांगायला बसला की दुसरा उठून जाई. दादा गुंडाळ्याच्या थापांना कंटाळून उठे. गुंडाळ्याचं निराळं होतं. तो स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकत नसे, आणि तो बोलत नाही असं सहसा होत नसे.

कारखान्यात मुलाम्याच्या दोन मोठ्या टाक्या होत्या. टाकीला वीज लागते ती एकाच दिशेने वाहणारी, आणि तारेवरून येते ती झोपाळ्यासारखी मागेपुढे हेलकावणारी. ती सरळ करायचं काम रेक्टिफायरचं. पण रेक्टिफायर काही पाहुण्यासारखा घोटघोट पीत नाही, लचके तोडतो. त्या लचक्यांचे हिसके उलटे वर चढतात, ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतात, आणि मूळच्या संथ लाटेवर बारीक, चिडखोर लाटा उठतात. काही पाचपट वेगाच्या, काही सातपट. शिकलेली माणसं त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. दादा त्यांना फुकटे म्हणायचा. ट्रान्सफॉर्मर एवढा लोखंडी दरवाजा, पण हे तिकीट न काढता आरपार जातात आणि बाहेर पडून दुसऱ्याच्या घरात धिंगाणा घालतात, असं त्याचं म्हणणं.

दुसरी टाकी आली तेव्हा दादाने एक युक्ती केली होती. प्रत्येक टाकीला तिचा तिचा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही अंगाबांध्याने सारखे, करड्या रंगाचे, एकाच चौथऱ्यावर शेजारी शेजारी. कामगार त्यांना मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणत. पण धाकटीच्या पोटातली जोडणी त्याने मुद्दाम वेगळी मागवली. मोठीला आत-बाहेर दोन्हीकडे डेल्टा, म्हणजे त्रिकोण. धाकटीला एका बाजूला डेल्टा आणि दुसरीकडे स्टार, म्हणजे चांदणी. त्यामुळे धाकटीचा हिसका थोडा तिरपा पडे, आणि वर तारेवर पोहोचेपर्यंत मोठीच्या हिसक्याच्या बरोबर उलट होई. एकीने ढकललं की दुसरीने ओढलंच. विळ्याभोपळ्याचं सख्य, पण भांडण उंबऱ्याच्या आत. बाहेर रस्त्यावर आवाज नाही. ही युक्ती दादाने गुंडाळ्याला एकदा सांगितली होती. तेव्हा गुंडाळ्या त्याला डासाची गोष्ट सांगत होता.

तर अशी ती धाकटी एके दिवशी सकाळी जळाली. आधी गुरगुरली, मग तिच्या झाकणातून काळं तेल उसळलं. दादा वाळूची बादली घेऊन धावला, आग विझवली, बादली खाली ठेवली आणि तिच्याच शेजारी छाती धरून बसला. त्याला दवाखान्यात नेलं. तिला भिंतीपलीकडच्या दुकानात.

गुंडाळ्याने तिला उघडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे पीळही जळून गेला होता. कागद राख झालेले, तांब्याचा गोळा झालेला, वेढे मोजायची सोय नाही, कुठलं टोक कुठे बांधलं होतं ते कळायचीही नाही. पाटी पाहावी तर दर साली करडा रंग मारणाऱ्याने पाटीलाही सोडलेलं नव्हतं. धाकटीच्या तापाने तो रंग वितळून खाली अक्षरं उरली असतील म्हणावं, तर अक्षरंही गेलेली.

अशा वेळी रिवाइंडिंगच्या धंद्यात एकच रीत. जुळं शोधायचं. शेजारी त्याच मापाचं दुसरं यंत्र असेल तर ते उघडायचं, पाहायचं, आणि हुबेहूब तसं भरायचं. आजवर या रीतीने कुणाला दगा दिला नव्हता. पंपांना नाही, पंख्यांना नाही, वखारीतल्या करवतीच्या मोटरलाही नाही. गुंडाळ्याने मोठी जाऊ उघडली, वेढे मोजले, जोडणी पाहिली, आणि धाकटीचं पोट तसंच भरलं. जीव ओतून भरलं. वॉर्निश दोनदा दिलं. हुकूम होता दवाखान्यातल्या भावाच्या टाक्या थांबू द्यायच्या नाहीत, आणि तो हुकूम त्याने स्वतःच स्वतःला दिला होता.

धाकटी चालू झाली. दाब बरोबर, टाकी सुरू, पत्रे चकाचक. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गुंड्या, मानलं तुला!"

"अरे, ही आता मालकाच्या नातवालाही पुरेल," गुंडाळ्या म्हणाला. "आणि नातवाचा नातू माझ्या नावाने पोराबाळांना गप्प करील."

त्याच आठवड्यात घड्याळं पळू लागली. वखारीचा पहारेकरी घड्याळ पाहून घरी गेला, तर बायको अजून अंथरुणात. तिला वाटलं, नोकरी गेली, आणि तिने गळा काढला. मग रस्त्याच्या वळणावरचे कपॅसिटरचे डबे रुसलेल्या जावयासारखे फुगले, आणि एक तर फुटलाच. पंपवाल्यांच्या मोटरी विनाकारण तापू लागल्या. दिवे थरथरू लागले. एकीच्या जोडीला दुसरी मिळाली होती. दोघी जावा आता एका वेळी ढकलत होत्या आणि एकाच वेळी ओढत होत्या. फुकट्यांची वरातच निघाली होती. रस्त्याला कारण माहीत नव्हतं, पण आवाज कुठून येतो ते माहीत होतं.

वीज कंपनीने एक बाई पाठवली. मीटरवाली बाई. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, हातात पेटी. तिने कारखान्याच्या मुख्य तारेला चिमटे लावले, पडद्याकडे पाहत बसली, आणि मान हलवली.

"पाचवा आणि सातवा हार्मोनिक. दोन्ही तुमच्याच इथून. आधी कधी तक्रार होती?"

"मुळीच नाही," मुकादम म्हणाला.

"मग मध्यंतरी बदललं काय?"

मुकादमाने गुंडाळ्याकडे पाहिलं. गुंडाळ्या पुढे झाला.

"बदललं काही नाही बाई. एक जळाली होती, ती मी भरली."

"जशी होती तशीच भरलीत?"

आता खरं उत्तर असं होतं, की ती कशी होती हे मला कळलं नाही. एवढं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं असतं तर बाईने पुढचा प्रश्न विचारला असता. ती हुशार होती. चिमटे हलवून तिने दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्याही तपासल्या असत्या. पण आयुष्यभर जी जीभ कधी "कळलं नाही" म्हणाली नव्हती, ती त्या दिवशी कशी म्हणणार?

"तंतोतंत," गुंडाळ्या म्हणाला. "वेढ्याला वेढा. तिच्या आईला दाखवा, फरक ओळखायची नाही."

बाई हसली. तिने आपल्या विचारातून ट्रान्सफॉर्मर काढून टाकला.

"मग रेक्टिफायरच म्हातारे झालेत. हे हिसके अडवणारे फिल्टर बसवावे लागतील. नाहीतर आम्हाला विजेची जोडणी तोडावी लागेल. रस्ता जळतोय तुमच्यापायी."

फिल्टरची किंमत ऐकून मालकाने खुर्चीचा हात धरला तो सोडलाच नाही.

इकडे दादा दवाखान्यातून घरी आला होता. डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं की धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. वहिनीने गुंडाळ्याला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, आणि हातातली पळी त्याच्या नाकासमोर धरली.

"भाऊजी, कारखान्याचं वाईट एक अक्षर त्यांना कळता कामा नये. तुम्ही रोज संध्याकाळी यायचं आणि सगळं छान चाललंय म्हणायचं. जन्मभर थापा मारल्यात. एकदा तरी ती विद्या घरच्या उपयोगी पडू द्या."

"वहिनी, तुम्ही फक्त चहा ठेवत चला. बाकी माझ्यावर सोडा."

आणि गुंडाळ्या रोज संध्याकाळी येऊ लागला. खाटेशी स्टूल, स्टुलावर औषधांच्या पट्ट्या आणि पाण्याचा तांब्या. त्या पट्ट्या सरकवून तो बसायचा आणि सुरू व्हायचा. आज म्हणे पत्रे इतके चकाकले की मुकादमाने त्यात पाहून दाढी केली. आज म्हणे वखारवाला स्वतः येऊन म्हणाला, तुमच्या कारखान्यामुळे आमचे दिवे कसे स्थिर जळतात! असं म्हणताना गुंडाळ्याच्या डोळ्यांपुढे वखारवाला होता. तो त्याच दुपारी करवतीचा जळका पट्टा घेऊन कारखान्याच्या फाटकात उभा राहून मालकाच्या सात पिढ्या उद्धरत होता.

दादा ऐकायचा. पडल्या पडल्या हसायचा. त्याच्या चेहऱ्यावरचा राखेसारखा रंग हळूहळू उतरत होता. वहिनी दारात उभी राहून ते पाहायची आणि गुंडाळ्याच्या कपात साखर जास्त घालायची. थापाड्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दाद देत होतं, आणि ते त्याला गोड लागत होतं, हेही खरंच.

मुकादमाने मात्र एकदा दुकानात येऊन सरळ विचारलं.

"गुंड्या, दादांना विचारू या ना. त्या दोघी त्यांनीच मांडल्यात. काहीतरी सुचवतील."

"आणि छातीत पुन्हा कळ आली तर? तू खांदा देशील?"

"अरे, पण जोडणी गेली तर आपल्या सगळ्यांचाच..."

"जोडणी जाईल, परत येईल. दादा परत येणार नाही."

मुकादमाने वहिनीलाही गाठलं. तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दोघांनीही मायेपोटीच केलं. पण ज्याला एक वाक्य सांगायचं, त्याने एक वाक्य उलट सांगायचं, धाकटी पुन्हा उघडून तिच्या पोटातलं एका बाजूचं वेटोळं बदलायचं, आणि रस्ता शांत, एवढीच ती गोष्ट होती. आठवड्याचं काम. तो आठवडा तेव्हा हाताशी होता. औषध घरात होतं आणि घरच्यांनी त्यावर पांघरूण घातलं होतं.

वीज कंपनीने जोडणी तोडली. मालकाने पंधरवडा वाट पाहिली, कुठूनही उपाय निघाला नाही, आणि मग तो थकला. दूरच्या गावी त्याच्या मेहुण्याचा कारखाना होता, तिथे टाक्या न्यायचं ठरलं. लॉरी आली. टाक्या उचलल्या गेल्या, रेक्टिफायर गेले, पत्र्यांच्या घोड्या गेल्या. कामगार फाटकाशी उभे राहून पाहत होते. मुकादमाने लॉरी मागे घेणाऱ्याला हाताने वाट दाखवली, सवयीने, आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. चौथऱ्यावर दोघी जावा तेवढ्या राहिल्या. त्या भंगारवाला नेणार होता.

त्या संध्याकाळी गुंडाळ्याचे पाय भावाच्या घराकडे वळत नव्हते. पण वहिनीचा निरोप आला होता. दादा उठून बसलाय. आज या, आणि काहीतरी चांगलं सांगा.

दादा खरंच बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, पाय खाली सोडलेले. खाटेखालून त्याने कामाचे बूट बाहेर ओढले होते आणि फडक्याने ते पुसत होता.

"आलास? बरं झालं. सोमवारपासून जायचं म्हणतोय मी. फक्त बसून राहीन. हिला सांग जरा."

वहिनीने दारातून गुंडाळ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकच विनंती होती. कसंही करा, पण यांना थांबवा.

"कशाला जातोस तू?" गुंडाळ्या स्टुलावर बसला. औषधांच्या पट्ट्या सरकवायचंही विसरला. "तिकडे तुझं काही कामच नाही आता. झोपाळ्यावर बसल्यासारखा कारखाना चालतोय. मुकादम दुपारी पत्ते खेळतो."

"मुकादम पत्ते खेळतो? त्याला तर किलवरचा एक्का कुठला तेही कळत नाही."

"शिकला! मोकळा वेळ मिळाल्यावर माणूस काय वाट्टेल ते शिकतो. सांगतो ना, काळजीच नाही. आज मीटरवाली बाई आली होती."

दादाचा हात बुटावर थांबला. "मीटरवाली? कशाला?"

"कशाला म्हणजे, वार्षिक तपासणीला. चिमटे लावले, पाहिलं, आणि पाहतच राहिली. म्हणाली, अशी स्वच्छ तार मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. दुधासारखी. पाचवा नाही, सातवा नाही. मालकाने मला मिठीच मारली. त्याची टोपी पडली, ती उचलायलाही वाकला नाही."

दादा हसला. मोकळा हसला. वहिनीनेही पदर तोंडाशी नेला. गुंडाळ्याला चेव आला. इतका वेळ पोटात जे साचलं होतं, ती लॉरी, ते फाटक, मुकादमाचा तो हात, ते सगळं कुठेतरी मागे ढकलायला त्याला आणखी बोलायला हवं होतं.

"धाकटीने कमाल केली, दादा. तुझी लाडकी. बोलायची सोय नाही."

"ती पार जळली होती ना रे? आग विझवताना मी तिचं पोट पाहिलं होतं. काळा गोळा. मला वाटलंच होतं, तू मला विचारायला येशील. दवाखान्यात रोज वाट पाहिली."

"तुला कशाला त्रास? आपण काय आजचे आहोत? गोळा होता, खरं आहे. बाहेरून आतून काही म्हणजे काही उमगत नव्हतं. दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. मी काय केलं? सरळ मोठी उघडली."

"मोठी उघडलीस."

"उघडली, वेढा न वेढा मोजला, आणि धाकटीला अस्सल तसंच भरलं. टोकाला टोक. आता त्या जावा राहिल्या नाहीत, जुळ्या बहिणी झाल्या. एका सुरात गातात. ऐकत राहावं!"

दादाने फडकं बुटाच्या आत ठेवलं. बूट खाटेखाली सरकवला, मग दुसरा. त्याला वाकायला वेळ लागला. वहिनी पुढे झाली, पण त्याने हाताने तिला थांबवलं. तो पुन्हा सरळ बसला तेव्हा गुंडाळ्या अजून हसत होता. दाद यायची बाकी होती.

"आणि मुख्य तार दुधासारखी?"

"दुधासारखी."

"बाई म्हणाली?"

"स्वतःच्या तोंडाने. शपथ!"

दादाने धाकट्याकडे पाहिलं. लहानपणी थाप पकडल्यावर पाहायचा तसं नाही. कुणी लांबच्या गावाहून निरोप आणलाय आणि तो निरोप काय आहे हे दारातच कळलंय, तसं.

"खोटं बोलतोस," तो मोठ्याने म्हणाला. "दोघी सारख्या असतील, तर कारखाना बंद पडलाय."